चंद्रावरची नदी

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, आभाळातल्या गोष्टींवर आयुष्यभर वाद घातला; पण मान वर करून आभाळाकडे बघताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. दिवेलागण झाली की ते घरात. उन्हाळ्यात अख्खं गोरेगाव अंगणात बाजा टाकून चांदण्यात पडलेलं असायचं, आणि चंद्रावरचा खाचखळगा ज्यांना तोंडपाठ, ते मामंजी आत कंदिलाजवळ. नवी सून असताना मी एकदा भीत भीत म्हटलं, "मामंजी, बाहेर या ना, चंद्र उगवलाय." ते म्हणाले, "त्यो लांब हाय. हितं फोटूत जवळ हाय." मी एकटीच अंगणात गेले, आणि पुढची दहा वर्षं एकटीच जात राहिले.

मी वाशिमची. आमचं वाशिम पैनगंगेपलीकडे, इंग्रजांच्या राज्यात. गोरेगाव अलीकडे, निजामाच्या. वाशिमच्या शाळेत माझ्या इंग्रजीच्या चार इयत्ता झाल्या होत्या आणि त्याच एका गुणावर मामंजींनी मला सून करून घेतलं असा माझा पक्का संशय आहे. ते स्वतः मराठी आणि उर्दू उत्तम वाचत. इंग्रजीचं त्यांना अक्षर येत नव्हतं. आणि त्यांचे चंद्रताऱ्यांचे फोटो तर सगळे इंग्रजी मासिकांतले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, नवरा हिंगोलीला कापसाच्या जिनात कारकून, आठवड्याने घरी येणारा. त्यामुळे मामंजींच्या तावडीत सापडायला घरात मी एकटीच होते.

फोटो यायचे दस्तगीरभाईंच्या दुकानातून. दस्तगीरभाईंचं बाजारात किराणा दुकान होतं. माल बांधायला ते रद्दी आणत, आणि त्या रद्दीत साहेब लोकांची जुनी सचित्र मासिकं निघत. गूळ, हळद, शेंगदाणे इंग्रजी मडमांच्या चित्रांत बांधून गावभर जायचे; पण तारा, चंद्र, शेपटीवाला धूमकेतू असं काही निघालं की भाई ते पान फळीवर वेगळं ठेवत. दुपारी ऊन उतरलं की मामंजी भिंग घेऊन दुकानात जाऊन बसत. मग दोघांची डोकी त्या कागदावर. गिऱ्हाईक उभं राहून राहून निघून जाई.

फोटो घरी आला की आधी मी त्याखालचा मजकूर वाचून अर्थ सांगायचा, हा नियम. आणि तो ऐकून झाला की मामंजींनी कात्रीने तो मजकूर कापून टाकायचा, हाही नियम. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी विचारलं, "काहून कापलं?" तर म्हणाले, "छापनाऱ्यानं त्याचं सांगितलं. तो काय तिथं जाऊन आला व्हय? आता आमी आमच्या डोळ्यानं बघू." एका धूमकेतूच्या फोटोत सगळ्या तारका बारीक रेघांसारख्या उमटल्या होत्या. खाली स्पष्ट लिहिलं होतं की कॅमेरा धूमकेतूबरोबर सरकत होता म्हणून तारका रेघा होऊन दिसतात. मी ते दोनदा समजावलं. मामंजींनी मान डोलावली, कात्री चालवली आणि भिंग लावून जाहीर केलं, "पाऊस पडून राहिला."

दस्तगीरभाई त्यांच्यापेक्षा शहाणे होते असं मला वाटायचं, ते त्या डागाच्या प्रकरणापर्यंत. एका तारकासमूहाच्या फोटोत मधोमध एक तपकिरी ढग होता. आठ दिवस दोघे त्या ढगावर बोलत होते. भाईंचं म्हणणं तो धूर आहे. मामंजींचं म्हणणं ते पीक आहे, कापणीला आलेलं. नवव्या दिवशी मी तो कागद हातात घेतला, उलटा केला, वास घेतला. शेंगदाण्याचं तेल. मी तसं सांगितलं. भाई हसून हसून बेजार झाले. मामंजी मात्र गंभीरपणे म्हणाले, "डाग तेलाचा असंल. पन तो बराबर तिथंच काहून पडला?" त्या दिवशी मी भाकरी थापताना परातीवर जो राग काढला, तो शेजारच्या घरापर्यंत ऐकू गेला असेल.

पण खरा वाद एकाच फोटोवरचा. चंद्राच्या एका भागाचा, फार जवळून दिसावा असा मोठा फोटो होता तो. गोल कडा कुठेच नाही, पानभर नुसती खडबडीत जमीन, तिच्यावर वाटोळ्या खळग्या आणि मधून वळणं घेत गेलेली एक काळी रेघ. खालच्या मजकुरात तिला भेग म्हटलं होतं. मजकूर अर्थातच कापला गेला. मामंजींनी ठरवलं, ही नदी.

"नदी हाय तर पानी कुटं हाय, तात्या?" दस्तगीरभाई विचारत.

"आटलं."

"आटली तर नदी कशाची? भेग म्हना."

"आपली कयाधू चैतात आटती. तिला तुमी भेग म्हन्ता का, भाई?"

हे संभाषण मी शेकडो वेळा ऐकलं. महायुद्ध सुरू झालं, संपलं, स्वातंत्र्य येऊन पैनगंगेच्या पलीकडे थांबलं, तरी हे चालूच. मामंजींनी त्या फोटोवर तांबड्या पेन्सिलीने खुणा केल्या. नदी जिथे अरुंद दिसत होती तिथे 'उतार' लिहिलं, म्हणजे पायी ओलांडायची जागा. वाटोळ्या खळग्यांना त्यांनी गढ्या ठरवल्या आणि 'गढी १' पासून 'गढी ७' पर्यंत आकडे घातले. मी म्हटलं, "मामंजी, चंद्रावर माणसंच नाहीत, तर उतार कोणाला?" ते म्हणाले, "मानसं न्हाईत म्हनूनच वाट मोडली नसंल. बराबर दिसतीय बघ."

अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा आला. त्या दिवसांत आमच्या भागातून पुष्कळ लोक नदी ओलांडून वऱ्हाडात जात होते. कोण जातो, कोण परत येऊन चौकीवर हल्ला करील, याचा निजाम सरकारला धसका. एका सकाळी झडतीसाठी शिपाई आले. धान्याच्या कणग्या उपसल्या, ट्रंका उलट्या केल्या आणि शेवटी कोनाड्यातल्या कागदांतून एकाने तो फोटो काढला. नदी. उतार. सात गढ्या. त्याने मामंजींकडे पाहिलं आणि त्यांच्या दंडाला धरलं.

मी मागोमाग चौकीपर्यंत गेले. पोलिसांचा अमीन, म्हणजे फौजदार, ओसरीवर बसला होता. त्याने कागद बघून विचारलं, "ये कौनसी नदी है?"

"चंद्रावरची," मामंजी म्हणाले.

अमिनाला ती थट्टा वाटली. मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस म्हणेल की साहेब, रद्दीतला कागद आहे, म्हाताऱ्याचा चाळा आहे, सोडून द्या. पण मामंजींनी अमिनाला नदी कशी आटली ते सांगायला सुरुवात केली. खालचा मजकूर असता तर एका ओळीत काम झालं असतं. तो कुठे आहे म्हणून अमिनाने विचारलं, तेव्हा मामंजी ताठ मानेने म्हणाले, "मीच कापला." त्यांना कोठडीत घातलं.

हिंगोलीला निरोप धाडून नवरा यायला दुसरा दिवस उजाडला असता. मी डोक्यावर पदर घेतला आणि बाजारातून सरळ दस्तगीरभाईंच्या दुकानापुढे जाऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. मी काय झालं ते सांगितलं. भाईंनी एकच विचारलं, "त्यांनी अमिनाला नदी सांगितली का भेग?"

"नदी."

"व्हय. तेच सांगनार," ते म्हणाले आणि दुकानाच्या फळ्या लावायला लागले.

अमिनाने भाईंना वेगळं बसवून कागद पुढे टाकला. मी ओसरीच्या खाली भिंतीला टेकून उभी होते. या दोघांच्या बोलण्यात फरक पडला तर दोघेही खोटे, हे अमिनाच्या आवाजातच कळत होतं. भाई म्हणाले, "चाँद का फोटो है, हुजूर. ये नदी है. सूख गई है." मग त्यांनी उतार दाखवला. तिथेच उतार का, ते मामंजींच्याच शब्दांत सांगितलं. पहिली गढी, दुसरी गढी, चौथीचा बुरूज ढासळलेला, सातवीत विहीर. दहा वर्षं ज्या ज्या मुद्द्याला त्यांनी नाही म्हटलं होतं, तो प्रत्येक मुद्दा त्यांनी एकही न चुकवता अमिनापुढे मांडला. अमिनाने कागदाची घडी करून ती आपल्या वहीत घातली. मग म्हणाला, "दोनों पागल हैं. ले जाओ."

कागद मात्र चौकीतच राहिला. बाहेर आल्यावर मामंजींनी आभाराचा शब्द काढला नाही. डोळे चमकत होते. "मानलं न्हाई का शेवटी? नदी म्हनालात तुमी."

"चौकीपुरतं," भाई म्हणाले. "भेगच हाय ती."

त्यावरून मामंजी रुसले. ज्या माणसाने जीव धोक्यात घालून सोडवून आणलं, त्याच्या दुकानाकडे हे चार दिवस फिरकले नाहीत. मी पहिल्यांदाच त्यांना उलट बोलले. म्हटलं, "तुम्हाला माणसं कळत नाहीत, नुसते कागद कळतात." ते भिंग पुसत बसले. पाचव्या दिवशी भाई स्वतःच आले. खाली बसले नाहीत, उभ्यानेच म्हणाले, "अमिनाची बदली झाली. नवा आलाय, तो त्या कागदाचं पुन्यांदा विचारून राहिला. सूनबाई, आज यांना घेऊन माहेरी निघा. मी नदीपर्यंत येतो."

भाई गाडीत पुढे बसले होते म्हणून वाटेत आम्हाला कोणी हटकलं नाही. नदीवर पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता. बैल उतरेनात, म्हणून गाडी तिथेच सोडून पायी निघालो. पाणी घोट्याइतकंच, पण सगळीकडे दगड. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. तरी भाईंनी मामंजींचा हात धरला आणि हलक्या आवाजात सांगू लागले, "पाय उचला. दगड. आता वाळू. डावीकडं घ्या." आणि माझे मामंजी, कोणाचं कधी न ऐकणारे, एकेक शब्दाप्रमाणे पाऊल टाकत होते.

पलीकडच्या काठावर मी भाईंना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, "अंधार पडला की त्यांना काईच दिसत न्हाई. लहानपनापासून. दुकानातून रोज मीच आनून सोडायचो की. तुमाला सांगू नका म्हन्ले होते." रोज संध्याकाळी दोघे दारापर्यंत वाद घालत यायचे, आणि यांचं बोलणं वाटेतही संपत नाही म्हणून मी आत चुलीपाशी चरफडायची. भाईंनी मामंजींचा हात माझ्या हातात दिला आणि पाण्यातून परत गेले. मागे वळून पाहिलं असेल, पण मामंजींना ते दिसणं शक्य नव्हतं, आणि मी त्यांच्या पायांकडे बघत होते.

पावसाळा वाशिममध्ये गेला. मामंजींनी माझ्या भावांचं डोकं खाऊन त्यांना घराबाहेर राहायची सवय लावली. संस्थान भारतात आलं, आणि दिवाळीच्या सुमाराला आम्ही परतलो. दस्तगीरभाईंचं दुकान बंद होतं. फळ्यांपैकी दोन जळलेल्या होत्या. मधल्या दिवसांत गावात काय झालं ते बाजारात कोणी नीट सांगेना. भाई बायकोमुलांना घेऊन हैदराबादला जावयाकडे गेले, एवढंच समजलं. मामंजी रोज दुपारी भिंग घेऊन त्या बंद दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसत. अंधार पडायच्या आत उठायचं त्यांच्या लक्षात राहत नसे. मग भिंती चाचपत घरी येत. गुडघे फुटलेले असत. मी विचारलं की म्हणत, "ठेच लागली." मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. तरी सांगायचं नाही, आणि मी हात पुढे केला तर झिडकारायचा. सासऱ्याचा हात धरून रस्त्याने चालणारी सून गावानेही पाहिली नव्हती, त्यामुळे मीही फार ताणलं नाही. याची लाज मला आजही वाटते.

थंडीत भाईंचं पत्र आलं. उर्दूत होतं, म्हणून या वेळी वाचायचं त्यांनी आणि ऐकायचं मी. भाईंच्या गुडघ्यांचं, हैदराबादच्या पाण्याचं, नातवाचं वाचून झालं. मग ते थांबले आणि अडखळत म्हणाले, "'सांजच्याला घरी कोन आनतं', असं लिवलंय." पत्राची घडी घातली. "बाकी काई विशेष न्हाई."

उत्तर त्यांनी दोन दिवस लिहिलं. सहा पानं भरली. काय लिहिलंत म्हणून विचारलं तर म्हणाले, "नदीचं. वाळूचा मुद्दा राहिला होता सांगायचा." सहा पानांत भाईंच्या प्रश्नाला उत्तर नसणार, हे उर्दू न वाचताही मला कळत होतं. मी पाकीट बंद करण्याआधी शेवटच्या पानाच्या समासात मराठीत एक ओळ लिहिली. भाई मराठी अक्षर लावून वाचत. लिहिलं, 'आता मी आणते. काळजी नसावी.'

पत्र टाकलं आणि त्याच संध्याकाळी डोक्यावर पदर घेऊन बाजारात गेले. दुकानांतले लोक बघत राहिले. मामंजी ओट्यावर बसले होते, भिंग मांडीवर, तोंड माझ्याकडे पण नजर कुठेतरी भलतीकडेच.

"कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"मी. भाईंनी आणायला सांगितलंय."

 मग त्यांनी भिंग खिशात घातलं आणि हात पुढे केला. मी म्हटलं, "पायरी आहे," आणि ते उतरले.