छतावरचा रस्ता

कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहाच्या आमच्या क्वार्टरमध्ये रस्त्याकडच्या विटांच्या भिंतीत, छताच्या जरा खाली, हवेसाठी एक भोक ठेवलेलं होतं. मातीची घरं बांधणाऱ्या कुंभारीण माशीनं ते लिंपत लिंपत जवळजवळ बुजवून टाकलं होतं. जेमतेम पेन्सिल जाईल एवढी फट उरली होती. एका उन्हाळ्यात बायकोचा पाय मोडला, प्लास्टर घालून ती पलंगावर पडली, तेव्हा त्या फटीची करामत आम्हाला कळली.

दुपारी झळा लागू नयेत म्हणून दारं-खिडक्या लावून अंधार केला, की त्या फटीतून येणाऱ्या उजेडानं छतावर रस्ता उतरायचा. रंगीत, आणि उलटा. गुलमोहर खाली डोकं करून डुलायचा. सेकंड शिफ्टचे लोक सायकलींची चाकं वर, हेल्मेट खाली करून, आवाज न करता तरंगत जायचे. एखादी लाल साडी पाण्यावरच्या फुलासारखी वाहत जायची. मीही शेजारी आडवा व्हायचो. आपण पाण्याखाली आहोत की वर, कळेनासं व्हायचं.

"ते पाहा, समोरच्या वहिनी भाजी घेऊन राहिल्या," बायको म्हणायची. दिवसभरात ती हसायची ती तेवढ्याच वेळात. पायाचं दुखणं विसरायची तीही तेव्हाच.

एकदा ती म्हणाली, "थोडं साफ दिसलं असतं तर वहिनीनं काय घेतलं तेही समजलं असतं."

माझ्यासारख्याला एवढं पुरे. बारीक भोकातून इतकं दिसतं, तर मोठ्यातून किती दिसेल. सकाळीच शिडी लावून मी सगळी माती खरवडून काढली. दुपारी ऐटीत खिडक्या लावल्या. छतावर नुसता पांढरट डाग पडला होता.

"कावून केलं तुमी असं?"

"हवा तर येऊन राहिली ना," मी म्हणालो.

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढच्या दुपारीही ती तशीच पडून होती. जेवायचंही नको म्हणाली.

शेवटी पोळ्यांच्या कणकेतला गोळा उचलून मी पुन्हा शिडी चढलो. भोकावर तो पातळ थापला, मधून पेन्सिल आरपार काढली. माशीइतकं सुबक जमलं नाही. मग रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

"दिसून राहिलं का?"

"नाही," आतून आवाज आला. "डावीकडे सरका."

सरकलो.

"हात वर करा. दोनी."

केले. समोरच्या वहिनी फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. सायकलवाले वेग कमी करून पाहू लागले.

"आता एका पायावर उभे राहून पाहा."

उन्हात एका पायावर डुलताना मला शंका आली. आत गेलो, तर ती तोंडावर पदर धरून हसत होती. वर छतावर गुलमोहर हलत होता.

"कधीपासून दिसून राहिलं?"

"पहिलेपासून."

"मंग सांगितलं कावून नाही?"

"तुमी सरळ असता तेव्हा इतके चांगले नाही दिसत."