विजेवाल्या कंपनीची लाकडी गिटार

गिटारीतलं मला ओ की ठो कळत नाही. मी शाळेत भूगोल शिकवते. पण गेल्या फाल्गुनात वडिलांसाठी गिटार निवडायचं काम माझ्याच गळ्यात पडलं, कारण आईला दुकानात उभं राहवत नाही आणि आमच्या घरात आणखी कोणी नाही.

वडिलांना सगळे नाना म्हणतात, मीही म्हणते. दीपनगरच्या वीज केंद्रात त्यांनी नोकरी केली आणि कॉलनीच्या गणपतीत दरवर्षी ऑर्केस्ट्रा बसायचा त्यात विजेवरची गिटार वाजवली. निवृत्त होऊन जळगावला आले तेव्हा ती गिटारही सोबत आली. मग एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातला आरसा खाली पडला आणि डावी बाजू गेली. पाय काठीच्या आधाराने परत आला. वाचा शाबूत होती. हात मात्र फार रडतखडत येत होता. आधी घट्ट मिटलेली मूठ सुटली, मग बोटं एकेक करून हलायला लागली. लोक घरी येऊन म्हणायचे, नाना, तुम्ही तर बरे झालात की! नाना मान डोलवायचे आणि लोक गेले की मला म्हणायचे, यांना काय कळतं. त्यांच्या लेखी बरं होणं म्हणजे एकच गोष्ट होती: डाव्या बोटाने तार दाबली गेली पाहिजे आणि सूर स्वच्छ निघाला पाहिजे. उजव्या हाताने नुसतं छेडायचं असतं, सगळी मेहनत डाव्याची, एवढं एव्हाना मलाही कळलं होतं.

जुनी गिटार त्यांनी घेऊन पाहिली. ती भरीव लाकडाची, पातळ आणि भलतीच जड. मांडीवर ठेवली की घसरायची, आणि तिला सावरायला जो हात लागतो तोच आमच्याकडे नव्हता. पोकळ पोटाची गिटार मांडीवर बसते, काखेत धरता येते. तेव्हा तशी घ्यायची हे ठरलं. पण नानांनी अट घातली की घ्यायची तर आपल्याच कंपनीची. आपली म्हणजे ज्या कंपनीची विजेची गिटार त्यांनी जन्मभर वाजवली ती.

जळगावच्या दुकानदाराने ऐकलं आणि तो हसलाच. म्हणाला, मॅडम, ती कंपनी विजेच्या गिटारीत राजा आहे, पण लाकडी गिटारीत तिला कोण विचारतं? जिलेबीवाल्याच्या दुकानात ठेचा मागू नये. माझ्या शाळेतल्या संगीताच्या सरांनीही तेच सांगितलं. मला दोन्ही माणसं शहाणी वाटली. घरी येऊन नानांना तसं समजावलं.

"पह्यले मना हात देख," ते म्हणाले, "मंग गिटार देख."

नाना धुळ्याकडच्या गावचे. चिडले किंवा हळवे झाले की अहिराणीवर येतात. त्या वेळी दोन्हीतलं काय होतं, मला कळलं नाही.

त्या कंपनीची लाकडी गिटार धुळ्याच्या एका दुकानात होती. शेजाऱ्यांची गाडी ठरवून नानांना नेलं. पारोळ्याला चहा पाजला. दुकानदार वयस्कर चाचा होते, बोलघेवडे. त्यांनीही आधी दुसरीच गिटार पुढे केली. "बाबूजी, ही घ्या. यांच्या बापजाद्यांनी फक्त लाकडीच गिटार बनवली. आवाज ऐका." त्यांनी तार छेडली तसं सगळं दुकान भरून गेलं. मला ती लगेच आवडली. नानांच्या मांडीवर दिली. तिची दांडी जाड होती. नानांनी डावा हात दांडीखाली नेला, बोटं वर आणायचा प्रयत्न केला. ती अर्ध्यात थांबली. त्यांच्या कपाळावर घाम आला. मी खाली बघायला लागले, कारण दुसरं काय करणार? माझी दहाही बोटं धडधाकट होती आणि त्यांतलं एकही त्यांना उसनं देता येत नव्हतं.

मग चाचांनी विजेवाल्या कंपनीची काढून दिली. आवाज खरंच बारीक होता आणि गिटार चणीनेही किरकोळ. पण दांडी होती नानांच्या ओळखीची, जुन्या गिटारीसारखीच सडपातळ. बोट वर आलं, एका तारेवर टेकलं, दाबलं गेलं. नानांनी उजव्या हाताने छेडलं आणि सूर निघाला. खरखर नाही, ठसका नाही. चाचा म्हणाले, "वा!" नाना हसले. आजारपणानंतर मी त्यांना हसताना पाहिलं होतं, पण असं नाही. मी मुळीच घासाघीस केली नाही, आणि हे खानदेशातल्या बाईने करणं म्हणजे काय ते आमच्याकडच्यांनाच कळेल.

निघताना चाचांनी बजावलं, उन्हाळ्यात जपा. उन्हाने लाकूड तडकतं.

जळगावचा उन्हाळा कोणी सांगायची गरज नाही. चैत्र लागला की आमच्याकडे घराचा मालक बदलतो, कूलर मालक होतो. त्याच्या तोंडासमोरची जागा हा घरातला सगळ्यात मोठा मान. जावई आला की तिथे, पाहुणा आला की तिथे, बाळंतीण असली तर तिथे. नानांची खाट अर्थातच तिथेच होती. त्यांनी फर्मान काढलं, "तिले बी कूलरपुढे ठेव. गरमीमा तडकी जाई." आईने एक स्टूल आणलं, त्यावर जुनी सोलापुरी चादर घातली आणि गिटार भिंतीला टेकवून बरोबर वाळ्याच्या ओल्या वाऱ्यात बसवली. दिवसभर ती टाकीत बादल्या ओतायची आणि म्हणायची, "जवाईनी बी इतली बडदास्त नही व्हयनी." आम्ही सगळे हसायचो. गिटारीला नानांशिवाय कोणी हात लावायचा नाही असा दंडकच पडला होता. मी स्टुलाशेजारचा केर काढतानाही तिला लांबून वळसा घालायचे.

नाना रोज संध्याकाळी वाजवायला बसायचे. सुरुवातीला एक तार, मग दोन. एकदा तीन बोटं एकत्र टेकली आणि त्या दिवशी आईने शेवया केल्या. पुढे काय झालं कोण जाणे, बोटं दमायला लागली. आधी सूर खरखरीत झाला, मग नुसताच ठक् ठक् आवाज. नाना दात खाऊन दाबायचे. बोटांच्या पेरांवर तारांचे खोल वळ उठायचे. मी म्हणायचे, नाना, आज राहू द्या, उद्या येईल. उद्या आणखी कमी यायचं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, एका टप्प्यावर सुधारणा थांबते. ते वाक्य मी घरी कसं सांगायचं याचा रस्ताभर विचार केला. सांगायची वेळच आली नाही.

"मना हात गया," नानांनीच मला सांगितलं. रडले नाहीत. भाव विचारल्यासारखे बोलले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हाताचा व्यायाम सोडला. रबरी चेंडू खाटेखाली गेला. मी रागावले, विनवलं, एकदा तर जोरात ओरडले, शाळेतल्या पोरांवर ओरडावं तशी. नानांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. आई म्हणाली, नको छळूस त्यांना. मला वाटायचं, कुठेतरी एखादं बटण असेल, एखादी युक्ती असेल, जी मला माहीत नाही म्हणून हे सगळं अडलंय. तसं काही नव्हतं, असं मी स्वतःला रोज समजावत होते. उन्हाळा गेला. कूलर बंद झाला. मिटलेली बोटं हळूहळू पुन्हा तळहाताला चिकटली.

श्रावणात घर झाडताना आईने मला गिटार उचलून कपाटावर ठेवायला सांगितलं. पहिल्यांदाच मी ती हातात घेतली. सहज, गंमत म्हणून, एक तार दाबून पाहिली. दबली नाही. जोर लावला. बोटाच्या टोकात कळ गेली आणि ठक् असा आवाज आला. दुसरी दाबली, तेच. तारा दांडीपासून इतक्या वर उचललेल्या होत्या की खालून माझी करंगळी गेली असती. मी गिटार आडवी धरून पाहिली. तारांखालचं पोटाचं लाकूड फुगून वर आलं होतं.

त्याच रविवारी एसटीने एकटी धुळ्याला गेले. चाचांनी तिला नुसतं हातात घेतलं आणि म्हणाले, "ओल पिऊन पोट आलंय हिला. कूलरसमोर होती ना?"

"तुम्ही उन्हाचं सांगितलं होतं," मी म्हणाले.

"हां ताई, म्हणूनच सगळे कूलरसमोर ठेवतात," ते म्हणाले. तारांखालची हाडाची पट्टी त्यांनी घासून घासून बुटकी केली, तारा खाली बसवल्या आणि मला दाबायला लावलं. माझ्यासारख्या अडाण्याच्या बोटाखालीही सूर निघाला.

परतीच्या बसमध्ये मी इतकी आनंदात होते की शेजारच्या अनोळखी आक्कांना सगळं सांगून टाकलं. घरी गेल्या गेल्या, चपला काढायच्या आधी, नानांपुढे गिटार धरली. "नाना, तुमचा हात कुठेच गेला नव्हता! हिच्या तारा वर आल्या होत्या. माझ्याच्यानेसुद्धा दबत नव्हत्या. आता बघा."

नाना उठून बसले. मला वाटलं, गिटार मागतील. त्यांनी ती पाहिलीसुद्धा नाही. मांडीवरच्या डाव्या मुठीकडे बघत राहिले.

"म्हनजे तवय मना हात चांगला व्हता," ते म्हणाले.

उजव्या हाताने ते डाव्याचं एकेक बोट उलगडायला लागले. उलगडून सोडलं की ते पुन्हा मिटायचं.