अक्कांचं धाकटं

"छान आहे. पण हे सांभाळणार कोण?"

एवढं म्हणून अक्का चष्मा काढायच्या आणि ओढणीने पुसत बसायच्या. चष्मा स्वच्छच असायचा. उत्तर मिळेपर्यंत तो परत नाकावर चढायचा नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. स्क्रीनवर चौकटी-चौकटींत देशोदेशीची माणसं, कोणाकडे पहाट, कोणाकडे जेवणाची वेळ, आणि सगळे एका बाईचा चष्मा पुसून व्हायची वाट बघताहेत! परदेशी मंडळींना तर 'अक्का' हे त्यांचं नावच वाटायचं.

आमचं काम थोडक्यात सांगतो. पुष्कळ कॉम्प्युटर एकत्र जोडून त्यांची ताकद ज्याला हवी तशी वाटून द्यायची, म्हणजेच क्लाउड चालवायचा, असं एक सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. ते ओपन सोर्स आहे. कोणीही फुकट घ्यावं, कोणीही त्यात भर घालावी, मालक कोणी नाही. अशा घरात पंगतीला सगळे असतात आणि भांडी घासायला कोणी नसतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून पुढच्या रिलीजचा रोडमॅप, म्हणजे नव्या आवृत्तीत काय ठेवायचं त्याचा आराखडा, ठरवताना अक्कांनी एक नियम घालून दिला होता. ज्या भागाची काळजी घ्यायला निदान दोन माणसं उभी नाहीत, तो काढून टाकायचा. काढण्याचा प्रस्ताव आठवडाभर उघडा ठेवायचा आणि तेवढ्यात कोणी हरकत घेतली नाही, तर सगळ्यांची संमती आहे असं धरायचं.

अक्का मूळच्या निपाणीच्या. एका सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त होऊन जे. पी. नगरात एकट्याच राहायच्या. मी पुण्याहून आलेला, इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्याने राहणारा. मला कोड लिहिता येत नाही. सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते समजावणारी पानं मी लिहितो. मीटिंग इंग्रजीत चालायची. ती संपली की हटकून अक्कांचा फोन यायचा.

"काय सांगालास, पुणेकर? शनिवारी ये की कॉफीला."

त्यांच्या घराजवळच्या दर्शिनीत, म्हणजे तिकडच्या उभ्याने खायच्या हॉटेलात, उभ्याउभ्या आम्ही एक कॉफी दोघांत घ्यायचो. ती संपली की आणखी एक, पुन्हा दोघांत. "अशी घेतली की गरम राहते बघ," असं त्यांचं शास्त्र होतं. मोठ्या कंपनीतल्या एका तरुणाने एकदा मीटिंगमध्ये भलताच देखणा प्रस्ताव मांडला आणि तो अडकला तो ह्या चष्म्यापाशीच. रागावून मीटिंग सोडून गेला. त्या शनिवारी अक्का मला म्हणाल्या, "लग्न झोकात केलं रे त्यानं. संसार कोण करणार?" पुढच्या खेपेला तो एका सहकाऱ्याला घेऊन आला, तेव्हा त्याचं काम त्यांनीच रोडमॅपमध्ये सगळ्यात वर घेतलं.

ह्याच सॉफ्टवेअरचा एक छोटा अवतार होता. तीन-चार जुन्या कॉम्प्युटरांवर चालणारा. अक्का त्याला 'धाकटं' म्हणत. ज्या कंपन्यांकडे यंत्रांची गोदामंच्या गोदामं आहेत, त्यांना त्याचं काय! पण शहराबाहेर आनेकलच्या एका छोट्या कॉलेजातली प्रयोगशाळा त्यावर चालायची. एकदा अक्का बसने मला तिथे घेऊन गेल्या. कारखान्यात काम करणाऱ्यांची मुलंमुली तिथे शिकत होती. अक्कांनी एका जुनाट यंत्राला कान लावला आणि तिथल्या मास्तरांना म्हणाल्या, "ह्याचा पंखा स्वल्प खोकतोय. तेल घाला." परतीच्या बसमध्ये त्या इतक्या खुशीत होत्या की मला खिडकीची जागासुद्धा दिली.

मग धाकट्याचं काम बघणारा दुसरा माणूस नोकरी बदलून गेला. एकट्या अक्का उरल्या. रोडमॅपच्या पुढच्या मीटिंगमध्ये आपली पाळी आल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, "ह्यामागे मी एकटीच आहे. तेव्हा नियमाप्रमाणे काढण्याचा प्रस्ताव मांडते." प्रस्तावाच्या पानावर पसंतीच्या अंगठ्यांची रांग लागली. बाईंना थोडी विश्रांती हवी असेल, असं सगळ्यांना वाटलं. स्वतःलाही नियम लावणारी बाई म्हणून कौतुकही झालं. सगळे आदरानेच वागले हो, म्हणून तर राग कोणावर काढायचा ते कळत नाही.

त्या शनिवारी अक्कांनी माझी अर्धी कॉफी माझ्यापुढे सरकवली.

"एक जण तरी नको म्हणंल वाटलं होतं रे."

"अजून मुदत आहे. दुसरा माणूस म्हणून माझं नाव घाला की."

त्या हसल्या. "तू लिहितोस चांगलं. पण ते पडलं तर उठवशील कसं? नाव घेऊन काय करू, हात पाहिजेत."

"मग तुम्हीच प्रस्ताव मागे घ्या."

"आणि ह्याच नियमानं दुसऱ्यांची कामं काढली ती कुठल्या तोंडानं?"

त्या दिवशी दुसरी कॉफी त्यांनी मागवली नाही. आठवडा संपला आणि धाकट्याचा कोड त्यांनी स्वतःच्या हातांनी काढला. आनेकलच्या मास्तरांना जुनीच आवृत्ती चालू ठेवायला सांगून आल्या. त्यानंतर त्या मीटिंगला यायच्या, चष्माही पुसायच्या, पण प्रश्न विचारायचं काम हळूहळू दुसऱ्यांवर सोडू लागल्या. पुढे दुखणं निघालं, आणि वर्षाच्या आतच त्या गेल्या.

प्रकल्पाच्या संकेतस्थळावर त्यांच्या आठवणींचं एक पान उघडलं. पहिल्या दिवशी आमच्यातल्यांनी लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून अनोळखी माणसं येऊ लागली. डोंगरातल्या एका शाळेचा शिक्षक. कुठल्याशा बेटावरचा ग्रंथपाल. दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करणारी एक बाई. तिने तर स्वतःच धाकट्यात दुरुस्त्याही केल्या होत्या. सगळे धाकटं वापरणारे. रोडमॅप म्हणून काही असतो, तिथे हरकत घेता येते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्या बाईने लिहिलं होतं, "ते कधी बंदच पडलं नाही, म्हणून कधी पत्र लिहायची वेळ आली नाही. मदत हवी होती, हे कळवलं असतं तर मी आले असते."

मी ते पान खाली खाली सरकवत राहिलो. नावं संपत नव्हती. दोनच माणसं हवी होती, आणि त्यातल्या एक तर अक्का स्वतःच होत्या.