मालक समोर हवा

शनिवार, १२ नोव्हेंबर १९९४. किल्लीवाल्याच्या दुकानातील नोंदवहीत या तारखेचे पान कोरे आहे. आदल्या अकरा वर्षांत असे पान एकही सापडत नाही. त्याचे वडील गेले त्या दिवशीसुद्धा दोन कुलपांची नोंद आहे.

त्या शनिवारी तो महानगरात होता. लंब्या आणि वहिनी त्याच्याच वर्गातले; दोघांचे लग्न झाले तेव्हापासून तो तिला वहिनी म्हणू लागला, आधी चिडवायला, मग सवयीने. त्यांच्याखेरीज त्याला मित्र म्हणावे असे कोणी नव्हते, असे त्याची थोरली बहीण सांगते. तिला इथे खोटे बोलण्याचे कारण दिसत नाही. लग्नानंतरच्या नऊ वर्षांत दोघांनी त्याला एकदाही घरी बोलावले नव्हते, आणि अचानक लंब्याचा फोन आला.

"शनिवार-रविवार राहायलाच ये. आणि हत्यारांची पिशवी आण रे, दाराची कडी अडकतेय."

पाहुण्याला हत्यारे आणायला सांगतात, याचे बहिणीला नवल वाटले. त्याला वाटले नाही. नवा शर्ट घालून तो सकाळच्या पहिल्या गाडीने निघाला.

सातव्या मजल्यावरच्या त्या घराची कडी अगदी अलगद सरकत होती. पाणी विचारण्याआधीच वहिनीने त्याला आतल्या खोलीत नेले. अरुंद खाट, अर्धा पडदा, आणि भिंतीला टेकलेले लोखंडी कपाट.

"हे उघडायचंय."

"कोणाचं आहे?"

"माझ्या आत्याचं," लंब्या मागून म्हणाला. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलीय, दोन तास येत नाही. किल्ली गळ्यात बांधून फिरते, अंघोळीलासुद्धा. सहा वर्षं आमच्या घरात राहतेय, आणि आत काय दडवलंय ते आम्हाला ठाऊक नको?"

किल्लीवाल्याला धंद्यासोबत वडिलांची एक रीत मिळाली होती: मालक समोर उभा असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही.

"आत्या आल्या की उघडतो," तो म्हणाला.

"त्या आल्यावर तुझी गरज काय?" वहिनी म्हणाली. "गणितात तीन वर्षं माझ्या वहीवर पास झालास, तेव्हा कुठे मालक शोधत होतास?"

"तू होतीस की समोर."

ती हसली नाही. लंब्या तर नाहीच नाही. "हे बघ, सरळ सांगतो. आज उघडणार नसशील तर आपला संबंध संपला. परत तोंड दाखवायचं नाही."

खरे तर त्याने तेव्हाच निघायला हवे होते. पण आयुष्यातले हे दोनच मित्र. आत्या येतील, आपण अदबीने विचारू, त्या हो म्हणतील आणि सगळे निभावेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. कपाटासमोर बसून, दुकानात मालकाची वाट पाहताना रोज करी तेच त्याने केले. मळकट कापड पसरले. त्यावर दोन कानशी, वाकवलेल्या तारा, लहान हातोडी, तेलाची बाटली ओळीने मांडली. मालक आल्यावर त्याचा खोळंबा नको, म्हणून ही तयारी. हातांनी ती परस्पर केली. गडी वळला असे समजून नवराबायको चहा टाकायला गेली.

डॉक्टर आलेच नव्हते. आत्या तासाभरात परतल्या, दारातच थबकल्या, आणि त्यांचा हात गळ्याकडे गेला.

लंब्या धावत आला. "आत्या, बरं झालं आलीस. मी चहाचं बघायला काय गेलो, यानं इथे दुकानच थाटलं."

किल्लीवाला म्हणाला, "आत्या, मी हात लावलेला नाही. मला यांनीच बोलावलं. तुम्ही हो म्हणालात तरच उघडणार होतो."

"मग हे सगळं मांडलंस कशाला?"

याला धंद्यातले खरे उत्तर होते, पण ऐकणाऱ्याने ते ऐकून घ्यायला हवे. "तयारी करून ठेवतो आम्ही," एवढेच तो बोलला, आणि बोलताक्षणी ते त्याच्याच अंगाशी आले.

आत्यांनी भाच्याकडे पाहिले. वहिनीच्या हातातल्या तबकाकडे पाहिले; त्यात तीन कप होते. त्या बराच वेळ कपांकडेच पाहत होत्या, असे तो बहिणीला नेहमी सांगे.

"चोराला घरात घेता आणि वर चहा पाजता?" अखेर त्या म्हणाल्या. "उचल तुझं सामान आणि चालता हो."

वहिनीने दार उघडून धरले. लंब्या लिफ्टपर्यंतही आला नाही. किल्लीवाला दुपारच्या गाडीने परतला. त्या घरातून पुन्हा फोन आला नाही, आणि त्यानेही केला नाही.

आत्या चार वर्षांनी त्याच खोलीत वारल्या. कपाट पुढे भंगारात गेले. ते आधी कोणी उघडले आणि आत काय निघाले, याची कुठेही नोंद नाही. आत्यांना तो खरोखरच चोर वाटला, की उरलेले दिवस त्याच घरात काढायचे म्हणून त्यांनी तसे वाटून घेतले, हे अजून अज्ञात आहे. लंब्या आणि वहिनी यांनी याविषयी बोलण्यास नकार दिला.