काचेच्या कपाटाला गॅस

आमच्या धाराशिवच्या टीबी लॅबमध्ये नमुने रोज नष्ट होतात, किस्से मात्र साठत जातात! थुंकीचे नमुने आम्ही ‘कॅबिनेट’ नावाच्या काचेच्या कपाटात उघडतो. त्याचा पंखा हवा आत ओढतो, म्हणून जंतू आमच्या तोंडावर येत नाहीत. आत काही सांडलं, की कपाट टेपनं बंद करून फॉर्मलिनचा गॅस सोडायचा आणि खोलीला कुलूप. उघडायचं ते दुसऱ्या दिवशी.

*

एकदा गॅस सोडला आणि कपाटातून रिंगटोन वाजली. आमच्या डॉक्टरसाहेबांचा मोबाईल आत! आता उघडणार कोण? साहेबांनी घरी जाऊन बायकोला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, “मग तुम्ही का बाहेर राहिलात?”

*

गॅस जरा लीक झाला की डोळे झोंबतात. असेच एकदा आम्ही सगळे डोळे पुसत बाहेर आलो. भूमचे एक आजोबा रिपोर्टसाठी बाकावर बसले होते. हळूच म्हणाले, “कोण गेलं वो?”

आमचे अटेंडंट गुंडप्पामामा अणदूरचे. चेहरा अगदी गंभीर करून म्हणाले, “लई जण गेले. एक बी वाचला न्हाय!”

आजोबांनी टोपी काढली.

*

गॅस लागू पडला का, हे बघायला आत चिवट जंतूंची पट्टी ठेवतात. नंतर ती नळीत घालून आठवडाभर वाट बघायची. काही उगवलं नाही, तर पास! मी रोज सकाळी नळीपुढं ‘उगवू नको रे बाबा’ म्हणायची. मामा शेतकरी माणूस. “ताई, पेरून उगवू नगं म्हणणारी तुमीच पयली!”

*

आणि ही गेली खंडेनवमी. कपाटाला गॅस देऊन झालेला. पट्टी पास होईपर्यंत आठवडाभर नमुने फ्रीजमध्ये अडकलेले, पेशंटचे फोनवर फोन. मी पंखा लावून डब्यांचा ट्रे घेऊन बसले, तेवढ्यात मामा झेंडूचा हार आणि पेटती अगरबत्ती घेऊन हजर.

“मामा, इथं धूर नको!”

“वर्साचा सण हाय ताई. एकच मिनिट.”

त्यांनी कपाट ओवाळलं. धूर सरळ माझ्या नाकात! मामांचा चेहरा पडला. “दरसाली आत घेतोय देव. आज घेईना. काय तर चुकलंय.”

“काही चुकलं नाही,” म्हणत मी पहिल्या डबीला हात घातला. धूर पुन्हा नाकात. मी हात मागे घेतला. पंखा हवा आत ओढत असेल, तर धूर बाहेर येईलच कसा?

उठून वर बघितलं. हवा बाहेर पडायच्या तोंडावर गॅसच्या वेळी मीच चिकटवलेलं प्लॅस्टिक, तसंच! डबी उघडली असती तर टीबी थेट माझ्या छातीत.

प्लॅस्टिक ओढून काढलं. धूर सुळकन आत गेला. मी खाली बसले आणि त्या कपाटाला मनापासून हात जोडले.

मामा म्हणाले, “ताई, आदी हातमोजे काढा की!”