अक्काचा अंगठा

पिंपळनेरच्या आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आला तोतारामच्या घरी. रविवारी दुपारी त्यावर कुठल्या कुठल्या मुलखातले सिनेमे लागत. भाषा कुणालाच कळायची नाही. पण तोतारामला न कळलेलं समजावून सांगायची भारी हौस. बंगाली असो की तमिळ, हा पुढं बसून गोष्ट सांगायचा, आणि गल्ली ऐकायची.

एकोणनव्वद सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सोमवारी होती. तोतारामची थोरली बहीण द्रौपदाबाई, त्याची अक्का, सणाला माहेरी आलेली, संगं धुळ्याच्या कॉलेजात शिकणारी लेक सुमन. आदल्या दिवशी, रविवारी, मल्याळी सिनेमा लागला. जुना काळ. कौलारू दांडगं घर, भाताची वावरं, आणि लुंगी नेसलेला एक पोटसुट्या म्हातारा सगळ्यांवर डाफरत फिरणारा.

तोताराम सुरू झाला. "दखा, हाऊ घरना मालक. बाप मरी गया, हाऊच बठ्ठं सांभाळस. आनि ती रडस ना, ती बहीन. माहेर येल शे. चार दिन ऱ्हाई नि जाई."

सुमन पडद्याखालची इंग्रजी अक्षरं वाचत होती. ती म्हणाली, "मामा, ती कोठे जाई? घर तिनंच शे. तठे जिमीन मायकडथीन आंडेरले, लेकले जास. हाऊ भाऊ निस्ता सांभाळनारा. आते कायदा बदली ऱ्हायना, तं बहीननी जिमीन चोरीसन सोताना पोऱ्यासना नावावर करी ऱ्हायना."

शेजारचे झुलाल आबा तंबाखू मळता मळता खदखदले. "तोताराम, तू तठे जलमले येता तं आते झोळी लीसन फिरता!"

सगळे हसले. तोतारामही हसला, पण पुढची गोष्ट सांगायचा थांबला.

कारण हिवाळ्यातच तो अक्काला साक्रीला, तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेला होता. बाप गेल्यावर सातबाऱ्यावर तिचंही नाव लागलं होतं. हक्क सोडायच्या कागदावर बहिणीचा अंगठा घ्यायचा आणि वर लुगडं नेसवायचं, ही आमच्याकडची रीतच. बहिणी समजून-उमजून देतात. तोतारामनं मागितलं असतं तर अक्कानंही दिलं असतं. पण मागायची त्याला लाज वाटली. तो म्हणाला, विहिरीवरच्या विजेच्या मोटारीचा कागद आहे, सायबानं काही विचारलं तर हो म्हण. ती हो म्हणाली. हिरवं लुगडं नेसून हसत सासरी गेली.

आता पडद्यावर ती बाई भावापुढं उभी राहून काहीतरी विचारत होती. द्रौपदाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मुडदा पडो त्याना! मना भाऊ तसा नहीं. माले इचारीसनच करस बठ्ठं."

तोताराम उठला. म्हशीला पाणी दाखवायचं म्हणून गोठ्यात गेला. म्हैस रानात होती. रिकाम्या दावणीशी सिनेमा संपेपर्यंत तो उभा राहिला.

बायको प्रमिलाबाई तिथं आली. तिला सगळं ठाऊक होतं. "अक्काले सांगी द्या," एवढंच म्हणाली.

आखाजीला खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, आमरस झाला. तोताराम पहिलीच पोळी चिवडत बसला. अक्का आपली ताटात वाढतच होती. "खाय रे, असा काब्रं सुकी गया?"

बुधवारी सकाळी तो मायलेकींना एस्टीवर सोडायला गेला. सुमन पिशव्या घेऊन आत चढली. अक्का पायरीशी थांबली. तोतारामनं तोंड उघडलं, "अक्का, तो कागद..."

"मोटारना? व्हयनं का रे काम? परत आंगठा लागना तं बलाई लेजो. मी येसू."

"व्हयनं," तोताराम म्हणाला. "काम व्हयनं, अक्का."

घरी आला तर प्रमिलाबाई दारातच उभी. "सांगं का?"

"गाडी भरेल व्हती," तो म्हणाला आणि चपला काढायला खाली वाकला तो बराच वेळ वर झालाच नाही. सकाळच्या त्या गाडीत मायलेकी धरून सात माणसं होती.