उठतानाचा पाव भाग

धारवाडच्या आमच्या घराचा विजेचा लोड वाढवून घ्यायचा होता, म्हणून मोजणीला एक म्हातारे वायरमन आले. नाव विचारायचं राहूनच गेलं. दिव्यांकडे त्यांनी जेमतेम पाहिलं. फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, अशा मोटर असलेल्या प्रत्येक वस्तूवर मात्र बाजारात बैल पारखावा तसा हात ठेवला आणि मग जमिनीवर बसकण मारून वही उघडली.

बिलाच्या धास्तीने मी म्हटलं, "सगळं एकदम कुठं चालतं? कमीच लिहा."

"अक्का, नळाला पाणी कधी येतं?"

"आठवड्यातून एकदा."

"त्या दिवशी काय काय चालतं?"

मी बोटांवर मोजायला लागले. त्या दिवशी टाकी भरणं, धुणं आणि डोशाचं वाटण, सगळं एकाच तासात उरकायचं असतं.

त्यांनी पंपाच्या आकड्यात त्याचाच पाव भाग आणखी मिळवला. "नोड्री, बघा अक्का, सगळ्यात मोठ्या मोटरला पाव भाग जास्त धरायचा. चालताना ती शहाणी असते. उठताना लई मागते."

वही मिटून ते उठायला लागले आणि गुडघे धरून अर्ध्यातच थांबले. मी हात पुढे केला. तो घट्ट धरून म्हणाले, "माझा पाव भाग धरायचा राहिला."